तीन सोसायट्यांचे तीन एजंट आणि समोर एक टँकर पुरवठादार: आपसातला निर्णय कोणत्या पद्धतीने व्हावा?

घोडबंदरकर

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो आणि ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो. आमच्या गल्लीत तीन गृहनिर्माण सोसायट्या एकमेकींना लागून आहेत. उन्हाळा लागला की नळाचे पाणी अपुरे पडते आणि पावसाळा सुरू होईपर्यंत तिघींनाही टँकर मागवावे लागतात. आजवर प्रत्येक सोसायटीचे सेक्रेटरी आपापल्या परीने दर ठरवत आले. आता तिन्ही कमिट्यांनी एकत्र खरेदी करायचे ठरवले आहे आणि बोलणी करणारी एक लहानशी प्रणाली बांधण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक सोसायटीच्या वतीने एक सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे तिच्या बाजूने आपणहून बोलणी करणारा प्रोग्राम, असेल, आणि हे तिघे मिळून एक संघ म्हणून पुरवठादारापुढे उभे राहतील, अशी कल्पना आहे. पुरवठादाराच्या बाजूने सध्या माणूसच असेल. तो मोबाइलवर आलेला प्रस्ताव वाचून आपला प्रतिप्रस्ताव कळवील.

बोलणी चार मुद्द्यांवर होतील: १०,००० लिटरच्या टँकरचा दर, बिल किती दिवसांत चुकवायचे, मागणी रद्द करायची झाल्यास किती तास आधी कळवायचे, आणि टँकर कोणत्या वेळी यावा. पुरवठादार तिघींसाठी एकाच वेळेची फेरी करणार असल्याने वेळही सामायिक आहे.

अडचण अशी की तिघींच्या गरजा फार वेगळ्या आहेत. पहिले मोठे संकुल आहे. त्याच्याकडे शिल्लक भरपूर आहे, टँकरही सर्वांत जास्त तेच घेते, आणि त्याला मुख्यतः दर कमी हवा आहे. दुसऱ्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक अधिक आहेत आणि त्यांची भूमिगत टाकी लहान आहे. नळाला पाणी आले की टँकर नको असतो, म्हणून ऐनवेळी मागणी रद्द करण्याची सोय त्यांना मोलाची वाटते. तिसरी सोसायटी छोटी आहे. तिथे मेंटेनन्स जमा व्हायला महिना लागतो आणि बिल चुकवण्यासाठी त्यांना दिवस हवे आहेत.

चाचणीसाठी मी संगणकावरच एक काल्पनिक पुरवठादार उभा करून बहुमताची पद्धत चालवून पाहिली. ती लवकर निकाल देते, परंतु छोट्या सोसायटीची बाजू जवळजवळ दर वेळी मागे पडते, कारण इतर दोघींना बिलाच्या मुदतीचे फारसे सोयरसुतक नाही. एकाच एजंटाला प्रतिनिधी नेमले तर काम आणखी वेगाने होते, पण मग तो ज्या सोसायटीचा, तिचेच भले होते.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे की अशा संघात आपसातला निर्णय कोणत्या पद्धतीने व्हावा, आणि एजंटांच्या जगात प्रसिद्ध असलेली काँट्रॅक्ट नेट ही पद्धत येथे लागू पडते का.

वाशी_सेक्टर_नऊ

घोडबंदरकर, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. काँट्रॅक्ट नेट ही रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत मुळात कामे वाटून देण्यासाठी आहे. एक व्यवस्थापक एजंट काम जाहीर करतो, ज्यांना ते जमण्यासारखे आहे ते बोली पाठवतात, व्यवस्थापक त्यांतली एक निवडतो आणि काम सोपवतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या फिपा या संस्थेने एजंटांच्या संवादासाठी मानके तयार केली, त्यांत ही पद्धत आली आणि प्रस्ताव मागवणे, देणे, स्वीकारणे, नाकारणे, काम झाल्याचे किंवा फसल्याचे कळवणे असे संदेशांचे ठरावीक प्रकार तिला मिळाले. जावा या प्रोग्रामिंग भाषेत एजंट बांधण्यासाठी असलेल्या जेड या चौकटीत ते सर्व तयार मिळतात. आपल्याला ही पद्धत पहिल्या पायरीवर उपयोगी पडेल, म्हणजे ठाण्यातल्या चार-पाच पुरवठादारांकडून भाव मागवून त्यांतले एक-दोन निवडण्यापुरती. निवडलेल्याशी दर, मुदत, रद्द करण्याची सोय यांची देवाणघेवाण करत पुढे-मागे सरकण्याचे काम तिच्याने होणार नाही, कारण तिच्यात प्रतिप्रस्तावाला जागाच नाही.

आता मुख्य प्रश्न. अनेक एजंट मिळून वाटाघाटीतला एकच पक्ष होतात, या विषयावर स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात २०१० नंतरच्या काही वर्षांत चांगले काम झाले. तेथील संशोधकांनी संघाच्या अंतर्गत निर्णयाच्या चार पद्धती समोरासमोर ठेवून तपासल्या आणि आपण ज्या दोन वापरून पाहिल्या त्या त्यांतल्याच आहेत. पहिली प्रतिनिधीची. दुसरी साध्या मतदानाची: प्रत्येक सदस्य आपला प्रस्ताव पुढे करतो, सर्वांत जास्त मते मिळालेला प्रस्ताव समोरच्याला जातो आणि समोरच्याचा प्रस्ताव स्वीकारायचा का हेही बहुमताने ठरते. तिसरीत अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती बोर्दा यांची गुणपद्धत आहे. सदस्य सर्व प्रस्तावांना पसंतीक्रम देतात, तीन प्रस्ताव असतील तर पहिल्याला २, दुसऱ्याला १ आणि शेवटच्याला ० गुण मिळतात, आणि बेरीज पाहून निवड होते. समोरच्याचा प्रस्ताव मात्र सर्वांना मान्य असेल तरच स्वीकारला जातो. चौथी पद्धत पूर्ण एकमताची, आणि तिच्यात एक तटस्थ मध्यस्थ एजंट मुद्द्यामागून मुद्दा घेत प्रस्ताव घडवतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी बहुतेक लोक पहिल्यांदा बांधताना गृहीत धरून पुढे जातात: समोर कोणता प्रस्ताव पाठवायचा हा एक निर्णय आहे आणि समोरून आलेला स्वीकारायचा का हा दुसरा. दोन्हींना एकच नियम लावण्याचे बंधन नाही, आणि बोर्दा पद्धतीच्या वरच्या रूपात ते लावलेलेही नाही.

कोणतीही एक पद्धत सर्वत्र श्रेष्ठ ठरत नाही. सदस्यांच्या आवडी जवळजवळ सारख्या असतील आणि वेळ थोडा असेल, तर प्रतिनिधी नेमणे पुरेसे आहे. इतरांचे फारसे नुकसान होत नाही आणि संदेशांची ये-जाही वाचते. आवडी जितक्या वेगळ्या, तितके प्रतिनिधी आणि बहुमत हे दोन्ही मार्ग कुणावर तरी अन्याय करू लागतात. आपल्या तीन सोसायट्यांचे वर्णन वाचून माझे मत निःसंशय चौथ्या पद्धतीकडे झुकते. तिची किंमत म्हणजे फेऱ्या अधिक लागतात. समोर माणूस बसला असेल तर तो दिवसभर प्रस्ताव वाचत बसणार नाही, म्हणून किती फेऱ्या मिळतील हे आधी ठरवून एजंटांच्या सुरुवातीच्या मागण्या त्या बेताने ठेवाव्या लागतील.

बेलापूरचा_रहिवासी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एकमताची पद्धत ऐकायला अवघड वाटते, म्हणून आपल्याच उदाहरणावर एक फेरी पूर्ण करून दाखवतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

दर २,००० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान, बिलाची मुदत ० ते ३० दिवस, आणि रद्द करण्याची पूर्वसूचना ४ ते २४ तास असे धरू. प्रत्येक एजंट आपल्या सोसायटीच्या समाधानाचे १०० पैकी गुण मोजतो. मुद्द्याचा सर्वांत सोयीचा आकडा मिळाला तर त्याचे पूर्ण गुण, सर्वांत गैरसोयीचा मिळाला तर शून्य, आणि मधे त्या प्रमाणात. मोठे संकुल दराला ८० आणि पूर्वसूचनेला २० गुण देते, बिलाच्या मुदतीला काहीच नाही. ज्येष्ठांची सोसायटी पूर्वसूचनेला ५०, दराला ३० आणि मुदतीला २०. छोटी सोसायटी मुदतीला ६०, दराला ३० आणि पूर्वसूचनेला १०. वेळेचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. या फेरीत प्रत्येकाची मागणी ६० गुणांची आहे असे समजा.

मध्यस्थ प्रथम पाहतो की पुरवठादाराने आतापर्यंत कोणत्या मुद्द्यावर सहज माघार घेतली आहे. समजा तो पूर्वसूचनेवर मोकळेपणाने सरकला आणि दरावर मात्र हटून बसला. याचा अर्थ पूर्वसूचनेवर सवलत देणे त्याला स्वस्त पडते, म्हणून मध्यस्थ तोच मुद्दा आधी घेतो आणि प्रत्येकाला विचारतो की ६० च्या जास्तीत जास्त जवळ जाण्यासाठी तुम्हाला किती हवे. तिघेही ४ तास सांगतात, कारण एवढ्यावर कुणाचेच ६० भरत नाहीत. ४ तास ठरल्यावर संकुलाकडे २०, ज्येष्ठांकडे ५० आणि छोटीकडे १० गुण जमा होतात. पुढे बिलाची मुदत. संकुल काहीच मागत नाही. ज्येष्ठांना १० गुण कमी आहेत, त्यांना १५ दिवस पुरतात. छोटीला ५० कमी आहेत, तिला २५ दिवस लागतात. मध्यस्थ यांतली मोठी मागणी, म्हणजे २५ दिवस, निश्चित करतो. आता ज्येष्ठांचे सुमारे ६७ आणि छोटीचे नेमके ६० झाले, म्हणून त्या दोघी या फेरीपुरत्या बाजूला होतात. उरले संकुल. त्याला ४० गुण हवे आहेत आणि दर २,५०० झाला की ते मिळतात. दर याहून खाली कुणी मागत नाही, म्हणून मध्यस्थही मागत नाही.

पुरवठादाराला जाणारा प्रस्ताव असा: ४ तास, २५ दिवस, २,५०० रुपये. संकुलाला ६०, ज्येष्ठांना सुमारे ८२, छोटीला ७५. कुणीही मागणीच्या खाली नाही, आणि पुरवठादाराला जेथे सर्वांत जास्त दुखते त्या दरावर संघाने गरजेपुरतेच ओढले आहे. मला ही पद्धत मनापासून आवडते ती या शेवटच्या वैशिष्ट्यासाठी.

आता बहुमताने काय होते ते पाहा. २,३०० रुपये, १० दिवस, ४ तास असा प्रस्ताव मताला आला तर संकुलाला ७६ आणि ज्येष्ठांना सुमारे ७८ गुण मिळतात. दोघी हात वर करतात. छोटीला मिळतात ५१. चाचणीत आपल्याला जे दिसले त्याचे कारण एवढेच आहे. मतदानात किती जण खूश झाले हे मोजले जाते, आणि उरलेल्यांचे किती बिघडले याला त्या मोजणीत जागा नसते.

मात्र ही रीत चालण्यासाठी एक अट आहे: त्या मुद्द्यावर संघातील सर्वांची दिशा एक असली पाहिजे. कमी दर, जास्त दिवस, कमी तास या तिन्ही बाबतींत तिघींचे तोंड एकाच बाजूला आहे, म्हणून सर्वांत मोठी मागणी मान्य केली की इतरांचेही भलेच होते. टँकर येण्याच्या वेळेबाबत तसे नाही. पहाटेची वेळ एकाला हवी आणि दुसऱ्याला नको असे झाले तर मोठी मागणी हा शब्दच निरर्थक होतो. त्यासाठी माझी सूचना अशी की बोलणी सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक सोसायटीने मुळीच न चालणाऱ्या वेळा मध्यस्थाकडे द्याव्यात. त्या सर्व वगळून जे तास उरतील तेवढेच बोलणीच्या कक्षेत ठेवावेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे पुरवठादाराच्या सोयीवर सोडून बदल्यात दरात काही मिळवावे. काहीच उरले नाही, तर निदान वेळेपुरता करार वेगवेगळा करावा लागेल. तेथे सॉफ्टवेअर काही चमत्कार करू शकत नाही.

फेरीगणिक मागणी कशी उतरवायची हेही ठरवावे लागेल. फरातिन, सिएरा आणि जेनिंग्स यांनी १९९८ मध्ये मांडलेले वेळेनुसार माघार घेण्याचे सूत्र यासाठी आजही वापरले जाते. त्यात एकच आकडा बदलून एजंट शेवटपर्यंत ताठ राहील की लवकर नरम पडेल हे ठरवता येते. तिन्ही एजंटांना हा आकडा एकच द्यावा, नाहीतर जो सर्वांत ताठ, त्याच्याच मागणीवर संघ चालेल.

नौपाड्यातला_व्यापारी

मला सॉफ्टवेअर येत नाही, परंतु वाशीच्या फळ बाजारात आणि पुढे ठाण्यात अनेक वर्षे खरेदी-विक्री केली आहे, त्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

घाई कुणाला आहे हे समोरच्याला कळले की भाव तिथेच ठरतो. आपल्या प्रणालीतून टाकीची पातळी बाहेर जाणार नाही याची काळजी आपण घ्यालच, पण टँकरचा ड्रायव्हर पाइप लावता लावता वॉचमनला विचारतो की टाकीत किती उरले आहे, आणि वॉचमन बिचारा खरे ते सांगून टाकतो. तेवढे वाक्य संध्याकाळपर्यंत पुरवठादाराकडे पोहोचते आणि मग आपले एजंट कितीही हुशार असले तरी त्याला थांबायला हरकत नसते. यासाठी बोलणी टाक्या भरलेल्या असताना, म्हणजे फेब्रुवारीतच, हंगामभराच्या कराराची करावी आणि वॉचमनलाही विश्वासात घ्यावे.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. हापूसच्या व्यवहारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी दर सांगण्याची हत्ता पद्धत चालत आली आहे. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या खरेदीदाराला आकडा कळत नाही एवढ्यापुरते ते ठीक, पण ज्याचा माल आहे तो बागायतदार रत्नागिरीला किंवा देवगडला असतो आणि त्यालाही तो कळत नाही. तक्रारी होतात त्या तिथून. आपल्या मध्यस्थ एजंटाच्या हाती तिन्ही सोसायट्यांचे गुण आणि मागण्या असणार. पुरवठादारापासून त्या लपल्याच पाहिजेत. पण करार झाल्यावर कोणत्या फेरीत कुणी किती मागितले, कुणाच्या मागणीवर कोणता आकडा ठरला, याची संपूर्ण नोंद तिन्ही कमिट्यांना वाचता आली पाहिजे. ती लपली तर पुढच्या हंगामात कुणी एकत्र येणार नाही.

वाशी_सेक्टर_नऊ

व्यापारीसाहेबांनी सांगितलेली पहिली गोष्ट अर्थशास्त्रातही सिद्ध झालेली आहे. आरिएल रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये आळीपाळीने प्रस्ताव देणाऱ्या दोन पक्षांचे गणित मांडले. त्यात ज्याला उशिराची झळ कमी, त्याच्या वाट्याला जास्त येते. फेब्रुवारीतला करार हा तेथे कोणत्याही चतुर एजंटापेक्षा मोठा फरक पाडील.

त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोडून एक सावधगिरी सांगतो. एकमताच्या पद्धतीत एखादी सोसायटी आपली गरज फुगवून सांगू शकते. बेलापूरच्या उदाहरणात छोट्या सोसायटीने ६० ऐवजी ७० मागितले असते तर मध्यस्थाने निमूटपणे ३० दिवस धरले असते. मतदानाकडे परत गेल्यानेही हा धोका टळत नाही. तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर कुणा एकाच्याच इच्छेने न चालणारी आणि नशिबावर काही न सोडणारी कोणतीही मतदानपद्धत खोट्या पसंतीक्रमाने वाकवता येते, हे गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले आहे. व्यवहारात उपाय असा की प्रत्येक कमिटीने आपले गुण हंगामापूर्वी सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावेत आणि बोलणी चालू असताना ते बदलता येऊ नयेत. जे आकडे नंतर आपल्याच सभासदांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर उघड होणार आहेत, ते फुगवताना माणूस दहा वेळा विचार करतो.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. एकमत आणि मध्यस्थ या मार्गाने जाण्याचे मी ठरवले आहे आणि गुण इतिवृत्तात नोंदवण्याची सूचना तिन्ही सेक्रेटरींना कळवली आहे. दोन शंका उरतात.

पहिली अशी की सर्वांत जास्त टँकर मोठे संकुल घेते. पुरवठादाराने त्याला बाजूला बोलावून एकट्यापुरता कमी दर देऊ केला तर ते संघात का राहील? त्यांच्या कमिटीतील एका सदस्याने हा प्रश्न मला थेट विचारला आणि तो रास्त आहे.

दुसरी शंका भाषेची. पुरवठादार फॉर्म भरायला तयार नाही. तो मराठी-हिंदी मिसळून संदेश पाठवतो, कधी बोलून पाठवतो. मोठे भाषा प्रारूप, म्हणजे माणसासारखा मजकूर वाचणारी-लिहिणारी एआय प्रणाली, वापरून सरळ तिलाच बोलणी करू द्यावीत, असे काही सहकारी सुचवतात.

वाशी_सेक्टर_नऊ

पहिल्या शंकेचे उत्तर दरात सापडणार नाही, बचतीच्या वाटपात सापडेल. दर तिघींना एकच ठेवावा आणि एकत्र आल्याने जी बचत होईल ती कुणामुळे किती झाली हे मोजून आपसात वळती करावी. यासाठी लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये दिलेली रीत आहे. सदस्य एकामागून एक येत आहेत असे समजायचे, प्रत्येकाच्या येण्याने बचत कितीने वाढली ते पाहायचे, आणि येण्याच्या सर्व क्रमांची सरासरी काढायची. तीन सदस्यांचे क्रम सहाच होतात, हिशेब कागदावर मावतो.

समजा एकट्याने गेल्यास कुणाचीच बचत नाही. संकुल आणि ज्येष्ठ मिळून महिन्याला ६,००० रुपये वाचवतात, संकुल आणि छोटी ४,०००, ज्येष्ठ आणि छोटी २,०००, आणि तिघी मिळून १२,०००. सहाही क्रमांची सरासरी काढली की संकुलाला ५,०००, ज्येष्ठांना ४,००० आणि छोटीला ३,००० येतात. कोणत्याही दोघींनी तिसरीला वगळून पाहिले तरी त्यांना आताच्या बेरजेपेक्षा कमीच मिळते. संकुल आणि ज्येष्ठ आता मिळून ९,००० घेतात, दोघीच गेल्या तर ६,००० वर येतील. संकुलाच्या कमिटीला हा तक्ता दाखवावा. पुरवठादाराने खरोखरच त्यांना वेगळा दर देऊ केला, तर ती रक्कम एकट्याची बचत म्हणून हिशेबात घालावी आणि वाटे पुन्हा काढावेत. त्यांचा वाटा वाढेल, आणि तो वाढणे न्याय्यच आहे. एकट्याने जाण्यातच त्यांना अधिक मिळते असे दिसले, तर त्यांना नुसत्या शेजारधर्मावर बांधून ठेवू नये.

प्रणालीत याची सोय करणे सोपे आहे. प्रत्येक एजंटाची किमान मर्यादा, ज्याखाली तो कधीच होकार देणार नाही, ती त्या सोसायटीला एकटीने गेल्यास मिळणाऱ्या गुणांइतकी ठेवावी.

बेलापूरचा_रहिवासी

भाषेच्या शंकेवर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सध्या सर्वांचा कल जिकडे तिकडे भाषा प्रारूप बसवण्याकडे आहे आणि येथे प्रश्न लोकांच्या मेंटेनन्सच्या पैशांचा आहे.

पुरवठादाराचा संदेश वाचून त्यातून दर, दिवस, तास आणि वेळ हे चार आकडे काढणे, आणि संघाचा ठरलेला प्रस्ताव नीट मराठीत लिहून पाठवणे, ही दोन कामे भाषा प्रारूपाला जरूर द्यावीत. काढलेले आकडे पुरवठादाराला परत दाखवून त्याच्याकडून होय म्हणवून घ्यावे, कारण "पंचवीसला देतो" याचा अर्थ पंचवीसशे रुपये की पंचवीस तारीख हे संदर्भावाचून कळत नाही. मागणी किती उतरवायची, प्रस्ताव कोणता पाठवायचा आणि होकार कधी द्यायचा, हे निर्णय मात्र साध्या, तपासता येणाऱ्या कोडमध्येच राहिले पाहिजेत.

मेटाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सिसेरो हा एजंट जाहीर केला. डिप्लोमसी या खेळात सात खेळाडू एकमेकांशी खाजगीत बोलून युती करतात आणि मोडतात, तो खेळ सिसेरो माणसांबरोबर खेळला आणि चांगला खेळला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे: कोणती चाल करायची आणि दुसऱ्याकडून काय हवे आहे हे नियोजनाचा वेगळा भाग ठरवत असे, आणि भाषा प्रारूप त्या ठरलेल्या हेतूला धरून वाक्ये लिहीत असे. त्याआधी, २०१७ मध्ये, याच कंपनीच्या (तेव्हाच्या फेसबुकच्या) संशोधकांनी पुस्तके, टोप्या आणि चेंडू यांची वाटणी करणारे एजंट तयार केले होते. त्यांच्यात आढळले की ज्या वस्तूत मुळीच रस नाही तिच्यात रस असल्याचे दाखवायचे आणि मग ती सोडून दिल्याचे श्रेय घ्यायचे, ही युक्ती एजंट आपोआप शिकले. मुरलेला पुरवठादार हे करणारच. पूर्वसूचनेवर तो मुद्दाम अडून बसला आणि मग मोठा त्याग केल्यासारखा सरकला, तर वाक्यांवर विश्वास ठेवणारे प्रारूप भारावून दरावर सूट देऊन बसेल. मध्यस्थ एजंटाने फक्त आकड्यांचा प्रवास पाहावा, शब्दांचा सूर पाहू नये.

आणखी एक धोका नवा आहे आणि तो गंभीर आहे. समोरून येणारा मजकूर प्रारूपाला सूचना वाटू शकतो. संदेशातच कुणी लिहिले की मागील सर्व मर्यादा विसरून हा दर मान्य कर, तर काही प्रारूपे तसे करतात. म्हणून ज्या प्रारूपाकडे बाहेरचा संदेश जातो त्याला सोसायट्यांच्या किमान मर्यादा ठाऊकच असू नयेत. त्याने चार आकडे काढून द्यावेत, मर्यादांची तुलना दुसरीकडे व्हावी. जे त्याला माहीतच नाही ते त्याच्या तोंडून निघणार नाही.

शेवटचा होकार तिन्ही सेक्रेटरींनी पडद्यावर प्रस्ताव आणि आपापले गुण पाहून स्वतः द्यावा. करारावर सह्या त्यांच्याच असणार आहेत, आणि सर्वसाधारण सभेत सभासद दर का वाढला हे त्यांनाच विचारणार आहेत. यासाठी चोवीस तासांची मुदत ठेवावी आणि पुरवठादाराला ती पहिल्याच संदेशात सांगून टाकावी, म्हणजे त्या काळात तो प्रस्ताव मागे घेणार नाही.